खोली क्रमांक नऊचा कोट

मी कोट बोलतोय. दचकू नका. एकतीस वर्षं खुंटीवर लटकून लोकांचं ऐकत आलोय, आता थोडं माझं ऐका. आणि कोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखादा काळाभोर, कडक इस्त्रीचा, नवरदेवाच्या अंगातला रुबाबदार गडी आला असेल, तर त्याला आधी मनातून बाहेर काढा. मी तसला नाही. माझा रंग जांभळट आहे आणि त्यावर फिकट पिवळी फुलं आहेत. हो, फुलं. हसायचं ते एकदाच हसून घ्या. देशाचे सहा लष्करप्रमुख मला घालून बसलेत आणि त्यांतल्या एकालाही हसू आलेलं नाही.

फुलांचं कारण असं, की मी जन्मानं पडदा आहे. मोठ्या साहेबांच्या दिवाणखान्यातला. मोठे साहेब म्हणजे ते जनरल, जे एका सकाळी रेडिओवर आले आणि म्हणाले, "देश नाजूक परिस्थितीत आहे. दोन महिने मी सांभाळतो." ते दोन महिने अकरा वर्षं चालले. साहेबांना सगळंच सांभाळायची हौस. शाळेतल्या पोरांचे केस किती लांब असावेत, सायकलची घंटी किती वेळा वाजवावी, सगळ्याचे हुकूम निघायचे. पावाच्या भट्ट्या पहाटे चारऐवजी सहाला पेटवाव्यात असाही एक हुकूम निघाला, कारण वासानं साहेबांची झोप मोडायची. दर वाढदिवसाला ते आरशासमोर उभे राहून स्वतःच्या छातीवर स्वतःच एक पदक लावायचे, आणि मग स्वतःशीच हस्तांदोलन कसं करावं हे न कळून खिडकीशी येऊन माझा कोपरा हलवायचे. मला वाटतं, त्या घरात त्यांच्याशी मोकळेपणानं वागणारा मी एकटाच होतो.

त्याच खोलीत काही कागदांवर सह्या झाल्या. त्या कागदांवर नावं होती, आणि नावांची माणसं पुन्हा घरी गेली नाहीत. त्याबद्दल मला विनोद सुचत नाही. मी तेव्हा खिडकी झाकून उभा होतो, एवढंच सांगतो.

पुढे लोक रस्त्यावर आले, शिपायांनी त्यांच्यावर बंदुका उचलायचं नाकारलं, आणि साहेब सतरा पेट्या पदकं घेऊन विमानात बसले. मग निवडणूक झाली. पंतप्रधान झाले एक मास्तर. गणिताचे. आयुष्यभर खडूची धूळ खाऊन सतत खोकणारे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात निवडून आलेल्या नऊ माणसांची एक समिती केली आणि तिला सभागृहातली खोली क्रमांक नऊ दिली. समितीचं काम एकच. लष्कराला प्रश्न विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही.

"पण एक आहे," मास्तर म्हणाले. "समोरच्याच्या छातीवर पदकं चमकत असली की विचारणाऱ्याची जीभ अडखळते. शाळा तपासायला साहेब आले की माझीही अडखळायची. तेव्हा या खोलीत गणवेशात कुणी बसायचं नाही. साध्या कपड्यात यायचं."

त्या वेळचे लष्करप्रमुख म्हणाले, "माझ्याकडे साधे कपडेच नाहीत."

"काही हरकत नाही, आम्ही शिवून देतो," मास्तर म्हणाले.

झालं! सोमवारी बैठक, आणि हे बोलणं झालं शुक्रवारी. नवं कापड मागवायचं म्हणजे तीन महिन्यांची निश्चिंती. सभागृहाचा कोठीवाला हुशार. त्यानं मोठ्या साहेबांच्या बंद बंगल्यातून मला ओढून आणलं. कोठीतल्या शिंपीकाकांना माप घ्यायला छावणीत पाठवलं. ते बिचारे दिवसभर फाटकाशी टेप गळ्यात घालून उभे राहिले. संध्याकाळी आतून निरोप आला, "माझ्या अंगाला टेप लावायला मी काय मेलोय?" काका परत आले ते तणतणतच. "मास्तर, माप नाही तर कोट नाही. मी काय अंदाजानं माणूस शिवू?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. दारात नवा शिपाई उभा होता. बावीस वर्षांचा, काडीसारखा, नोकरीचा तिसरा दिवस. दुपारी त्याच्या बहिणीची पोरं "मामा, डबा!" असं ओरडत यायची, त्यामुळे तीन दिवसांत अख्खी इमारत त्याला मामा म्हणायला लागली होती.

"काय रे, मतदान केलंस का?" मास्तरांनी विचारलं.

"केलं साहेब."

"मग याचंच घ्या," मास्तर काकांना म्हणाले, खोकले आणि आपल्या खोलीत निघून गेले.

असा मी जन्मलो. मामांच्या मापाचा. छाती बत्तीस.

सोमवारी ते पहिले प्रमुख आले. मुद्दामच पूर्ण गणवेशात, की बघू कोण अडवतं. मामांनी मला दोन्ही हातांनी पुढे धरलं. मामा घाबरले होते, मला ते कळत होतं, कारण माझ्या बाह्या हलत होत्या. मास्तर आतून म्हणाले, "या, या, कोट घालून या." प्रमुखांनी डगला उतरवला, मला चढवलं, आणि माझं खालचं बटण त्यांच्या पोटावर जे लागलं नाही ते शेवटपर्यंत लागलं नाही. बाह्या कोपराच्या जरा खाली संपल्या. तो मोठा माणूस दोन तास त्या बाह्या ओढत बसला होता. मी तेव्हाच एक गोष्ट शिकलो. माणूस कितीही मोठा असू द्या, त्याची मनगटं उघडी पडली की त्याचं बोलणं बदलतं. तो आवाज खाली आणतो. कधी कधी तर प्रश्नही ऐकून घेतो.

तेव्हापासून ती रीतच पडली. प्रमुखांनी यायचं गणवेशात, दाराशी डगला आणि टोपी माझ्या खुंटीवर ठेवायची, मला चढवून आत जायचं. बाहेर येताना अदलाबदल. मला दोन-तीनदा मोठा करायची सूचना आली. शिंपीकाका म्हणाले, "शिलाईत कापड सोडलेलं नाही." खरं तर सोडलंय, दोन बोटं. पण काका अंगाला टेप लावू न दिल्याचा राग मनात धरून होते आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

एकजात सगळे मला शिव्या घालत असत असं नाही. तिसरे प्रमुख अंगानं किरकोळ, त्यांना मी अगदी झकास बसलो. आणि तिथंच घोळ झाला. आवडलोच हो मी त्यांना! लष्कराचे प्रश्न संपले तरी गृहस्थ उठेनात. शाळेच्या पुस्तकांवर बोलले, पाणीपट्टीवर बोलले, न्यायालयांना सुट्ट्या फार होतात असं म्हणाले. चौथ्या तासाला म्हणाले, "या कोटात मला फार सुचतं. घरी घेऊन जाऊ का?" मामा पुढे झाले, त्यांनी पाठीमागून हळूच माझी कॉलर धरली आणि म्हणाले, "साहेब, धुवायला टाकायचाय." तसा मी सुटलो. माझं तर मत आहे, ज्यांना मी घट्ट होतो ते प्रमुख परवडले.

आता सगळा दोष गणवेशवाल्यांवर टाकला तर मी खोटा ठरेन. आमची निवडून आलेली मंडळीही काही कमी नव्हती. एका सभासदानं सबंध वर्षात एकच प्रश्न विचारला, रणगाडा लिटरला किती देतो. दुसऱ्याला मुलीच्या लग्नात लष्करी बँड हवा होता, तो प्रत्येक बैठकीत संरक्षणावरून फिरून बँडवर यायचा. आणि एक संरक्षणमंत्री तर काय सांगू! प्रमुख मला घालून आत बसलेले असताना बाहेर ह्यांनी खुंटीवरचा डगला गुपचूप अंगात चढवला आणि खिडकीच्या काचेत बघून स्वतःलाच सलाम ठोकला. मामांनी पाहिलं. "मंत्रीसाहेब, तो तुमचा नाही हो," असं म्हणून तो काढून घेतला. मंत्र्यांचा चेहरा खेळणं काढून घेतलेल्या पोरासारखा झाला होता. मामा त्या दिवशी मला झटकताना म्हणाले, "आतल्यांना बाहेरचं पाहिजे, बाहेरच्यांना आतलं. मी दाराशी आहे म्हणून बरं."

असे पाच प्रमुख झाले. मास्तर गेले, शिंपीकाका गेले, मामांचं लग्न झालं, मामी आल्या. डांबरगोळ्या घालणं, बटणं लावणं हे मामी करायला लागल्या. त्यांना मुलगा झाला, तो मोठा झाला आणि लष्करात भरती झाला. मामांनी दाराशी सगळ्यांना पेढ्यासारखी ती बातमी वाटली. मलाही सांगितली. "पोरगा शिपाई झाला रे," म्हणाले, "म्हणजे खरा शिपाई."

आणि मग सहावे प्रमुख आले.

हा माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. गेल्या वर्षी महापूर आला तेव्हा हे स्वतः छातीभर पाण्यात उभे राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांना होडीत चढवत होते. अंगानं कपाटाएवढे. लोक त्यांच्यावर जीव टाकायचे. भिंतीभिंतींवर त्यांचे फोटो लागले. इकडे सरकार दोन मतांवर तगून होतं आणि रोज भांडत होतं. न्हाव्याच्या दुकानापासून महाविद्यालयापर्यंत सगळीकडे एकच बोलणं, "या भांडकुदळांपेक्षा जनरलसाहेबांनीच दोन महिने सांभाळावं." दोन महिने! माझ्या अंगावर फुलांसकट काटा आला. पण खुंटीवरच्या कोटाला कोण विचारतो?

प्रकरण उघडकीला आलं ते खड्ड्यांमुळे. रस्तेखात्यातल्या एका कारकुनानं समितीला तक्रार पाठवली. गेल्या तीन दिवसांत छावणीपासून शहराच्या पुलापर्यंतचा नवा डांबरी रस्ता रणगाड्यांनी उखडला आहे, आमच्या खात्याची परवानगी घेतलेली नाही, तरी डांबर कोण देणार ते कळवावे. त्याला बिचाऱ्याला फक्त डांबराची काळजी. पण समितीच्या अध्यक्ष होत्या कंडक्टरताई. ताई वीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून मग निवडून आलेल्या. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि संरक्षणमंत्र्यांना फोन केला. "तुम्ही तीन पलटणी पुलापर्यंत आणायचा लेखी हुकूम दिला होता का?" मंत्री म्हणाले, "कुठल्या पलटणी?"

ताईंनी दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला प्रमुखांना बोलावलं.

आदल्या संध्याकाळी मामा घरी मला डांबरगोळ्यांतून काढत होते तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याची पलटण त्या तिघींतलीच. मामा बराच वेळ नुसतं "हं, हं" म्हणत राहिले. फोन ठेवून मामींना म्हणाले, "पुलाशी आहे म्हणतो. सरावाला आणलंय. पण गोळ्या खऱ्या दिल्यात."

"सरावाला खऱ्या गोळ्या कशाला?" मामी म्हणाल्या.

पुलाच्या अलीकडे शहर, आणि शहरात आम्ही सगळे. उद्या कुणी वेडावाकडा हुकूम दिला तर पोरगा बंदूक कुणावर धरणार? दोघंही हेच मनात आणत होती आणि एकमेकांना सांगत नव्हती. मामी मला इस्त्री करायला बसल्या आणि एकाच बाहीवरून दहादा इस्त्री फिरवली. मी भाजलो, पण गप्प राहिलो.

सकाळी दहाला प्रमुख आले. पूर्ण गणवेश, छातीभर पदकं, मागे एक तरणाबांड कॅप्टन. खाली फाटकाबाहेर लोक फुलं घेऊन उभे होते, त्यांच्या घोषणा वरपर्यंत ऐकू येत होत्या. मामांनी मला पुढे धरलं.

"साहेब, कोट."

"आज नको."

"आज नको म्हणजे?"

"म्हणजे आज मी असाच आत जाणार."

"साहेब, आत तसं जाता येत नाही."

"बाजूला व्हा."

मामा बाजूला झाले नाहीत. त्यांना वाटलं असतं तरी होता आलं नसतं, पाय जागचे हलतच नव्हते. प्रमुखांनी एका हातानं त्यांना उचलून बाकावर ठेवलं असतं तर कोण अडवणार होतं? त्यांनी तसं केलं नाही. ते दाराशी नुसते उभे राहिले, आणि मामा मला धरून त्यांच्यासमोर.

दार उघडंच होतं. आत कुजबुज सुरू झाली. समितीतले वकीलसाहेब मोठे समजूतदार. ते म्हणाले, "ताई, ताणायला नको. कोट नुसता खांद्यावर टाकू देत. घातल्यासारखाही होईल आणि न घातल्यासारखाही."

"वकीलसाहेब, वीस वर्षं बसमध्ये काढली," ताई म्हणाल्या. "एक पाय आत, एक पाय बाहेर, असा माणूस मी कधी नेला नाही. तोच पडतो."

"मग आपण सगळे उपाहारगृहात बसू. तिथं नियम लागू नाही."

"तिथं मी चहा पिते. प्रश्न इथं विचारते."

बँडवाले सभासद घाम पुसत म्हणाले, "निदान आजच्या दिवस…" त्यांच्याकडे ताईंनी असं पाहिलं, की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. पण मी खरं सांगतो, नवांतले सहाजण मनातून कधीच उठून उभे राहिले होते. प्रमुखांनी एक पाऊल पुढे टाकलं असतं, तर टाळ्या वाजल्या असत्या.

अकरा वाजले. प्रमुख बाकावर बसले. कॅप्टन दर दहा मिनिटांनी येऊन कानात सांगायचा, "साहेब, पुलावरून विचारताहेत." साहेब हात हलवायचे, थांब. मामांचे हात भरून आले होते, पण मला त्यांनी खाली घेतलं नाही.

शेवटी ताईच बाहेर आल्या. हातात दोन कप चहा. एक प्रमुखांना दिला आणि शेजारी बसल्या.

"माझी आई पुरात तुमच्या होडीत होती," त्या म्हणाल्या. "अजून रोज तुमचं नाव घेते. माझं आठवड्यातून एकदा घेते."

प्रमुखांना हसू आलं. "मग मला असाच आत येऊ द्या."

"उपकार तुमचे आहेत, ते मी जन्मभर मानीन. पण खोली माझी नाही हो. ती ज्यांची आहे त्यांनी मला नुसती सांभाळायला दिलीय."

"ज्यांची आहे ते खाली उभे आहेत. ऐका, काय ओरडताहेत."

"ऐकतेय. मग राजीनामा द्या, गणवेश उतरवा आणि निवडणुकीला उभे राहा. माझ्याच मतदारसंघात राहा. मी आपटेन, पण तुम्ही रीतसर आत याल."

प्रमुखांनी कप खाली ठेवला. मग ते हळू आवाजात, रुसल्या माणसासारखे बोलले. "तुम्हाला कळत नाही. तीस वर्षं मी ही वर्दी घालतोय. आणि तो… तो फुलांचा झगा चढवून मी विदूषक दिसतो. माझी मनगटं दिसतात. आत बसलेला मनुष्य मला प्रश्न विचारतो, आणि त्याला रायफल कुठून उडते हेही माहीत नाही. का म्हणून मी त्याच्यासमोर असा बसू? कुणाच्या मापाचा आहे हा कोट?"

आणि मग मामांनी जे केलं ते एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. त्यांनी मला अंगात चढवलं.

काय सांगू तुम्हाला! खांदे खांद्यांवर, बाह्या बरोबर मनगटापर्यंत, तिन्ही बटणं लागली. कुठे ओढ नाही, कुठे घडी नाही. जन्मभर मी परक्यांच्या अंगावर टरटरत होतो, आणि माझा माणूस रोज मला हातात धरून उभा होता. मला भरून आलं. आत मामांचं काळीज इतकं धडधडत होतं, की वरच्या खिशाची झडप उडत होती.

"माझ्या मापाचा आहे, साहेब," मामा म्हणाले. "तुमच्या जागेवर जे पहिले होते त्यांनी माप दिलं नाही, म्हणून माझं घेतलं. तुम्हाला घट्ट होतो, मला दिसतंय. पण एक सांगू का? माझा मुलगा आत्ता पुलावर उभा आहे. तुमच्या पलटणीत. तुम्ही म्हणाल तिकडे तो बंदूक धरील, कारण तो तुमच्या हुकमात आहे. मी त्याला तसंच शिकवलंय. पण तुम्ही कुणाच्या हुकमात आहात, हे त्याच्या बापाला कुणीतरी सांगायला पाहिजे ना? तेवढ्यासाठी घाला. दोन तास. मग परत द्या."

कॅप्टन जमिनीकडे बघत होता. मामांनी मला उतरवलं आणि पुन्हा दोन्ही हातांनी पुढे धरलं. या खेपेला माझ्या बाह्या हलत नव्हत्या.

प्रमुख उठले. इतके हळू, की मला वाटलं हे आता जिन्यानं खाली जाणार. त्यांनी गळ्याजवळचं पहिलं बटण काढलं. मग दुसरं. डगला पदकांसकट खुंटीवर गेला. मग त्यांनी आपला एक हात माझ्या बाहीत घातला, तो अर्ध्यावर अडकला. ताईंनी बाही ओढली, वकीलसाहेब धावत आले, त्यांनी दुसरी ओढली, मामांनी मागून ढकललं. आणि भर दारात माझी पाठ मानेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटली.

"असू द्या," प्रमुख म्हणाले, आणि तसेच आत गेले. फुलांच्या कोटात, मनगटं उघडी, आणि पाठीला वारा लागत.

आत ताईंनी आपली जागा घेतली आणि रस्तेखात्याचं पत्र काढलं. "पहिला प्रश्न. हा रस्ता कुणी उखडला?"

"माझ्या रणगाड्यांनी."

"कुणाच्या लेखी हुकमानं?"

प्रमुखांनी माझ्या बाह्या ओढल्या. त्या काही खाली येईनात. वकीलसाहेबांची लेखणी कागदावर तशीच टेकलेली होती.

"कुणाच्याच नाही," ते म्हणाले. "मीच आणल्या. वाटलं, गरज पडेल."

"गरज कुणी ठरवायची?"

"तुम्ही," प्रमुख म्हणाले. हा एक शब्द बोलायला त्यांना जे कष्ट पडले ते फक्त मला ठाऊक आहेत. माझी काखेतली शिवण तेव्हा उसवली.

"परत कधी जातील?"

"उद्या सकाळी."

"आज."

"आज. संध्याकाळपर्यंत."

"आणि जाताना रस्त्याच्या कडेनं न्या," ताई म्हणाल्या, "थोडं डांबर शिल्लक आहे अजून."

तिथंच हुकूम लिहिला गेला. प्रमुखांनी दाराशी येऊन कॅप्टनच्या हातात दिला. कॅप्टनची पंचाईत झाली, कारण साहेबांच्या अंगावर गणवेश नाही, डोक्याला टोपी नाही, सलाम करायचा कुणाला? त्यानं क्षणभर विचार केला, खुंटीवरच्या डगल्याला कडक सलाम ठोकला आणि हुकूम घेऊन प्रमुखांच्या शेजारून धावत सुटला. मामा तोंड फिरवून हसले. मला वाटतं, प्रमुखही.

दोन तासांनी ते बाहेर आले. मला उतरवताना त्यांनी माझी फाटकी पाठ हातावर पसरून पाहिली. "शिवून घ्या, मामा," म्हणाले. "सोमवारी पुन्हा बोलावलंय. लेखी खुलासा आणायचाय. त्यानंतर मंत्री मला ठेवतात की नाही, बघू." मग डगला घातला, टोपी घातली आणि फुलंवाल्या लोकांना टाळून मागच्या जिन्यानं उतरले.

ही आजची सकाळ. आत्ता संध्याकाळ आहे. मी मामींच्या मांडीवर पालथा पडलोय, आणि मामी माझ्या पाठीला दुहेरी दोरा घालताहेत. सुई टोचते, पण तक्रार नाही. माझं वय झालं. फुलं उडाली, अस्तर विरलं, एका खिशात मामांनी लपवलेल्या तंबाखूचा वास कायमचा मुरलाय. मला हार-तुरे नकोत, काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. एवढीच विनंती आहे. कधी त्या इमारतीत गेलात तर खोली क्रमांक नऊच्या दाराशी जरा डोकवा. मी खुंटीवर दिसलो तर तुमच्या कामाला जा. कुणा मोठ्या माणसाच्या अंगावर टरटरताना दिसलो तर हसा आणि जा. पण मी दोन्हीकडे नसलो, तर मात्र तसेच घरी जाऊ नका. विचारा. विचारायला लाज वाटली तर कंडक्टरताईंना आठवा.

मामा मघापासून दाराशी फेऱ्या मारताहेत. "टाका बारीक घाल गं," असं तिसऱ्यांदा म्हणाले. त्यांचं लक्ष टाक्यांत नाही. मामींचंही नाही. त्यांनी आताच माझी बाही माझ्याच पाठीला शिवली होती, ती उसवून पुन्हा घातली.

फोन वाजला. मामांनी झडप घातली, पण मामी जवळ होत्या.

"आई, मीच," पोराचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "छावणीत परत आलो. गोळ्या सगळ्या जमा करून घेतल्या. सराव रद्द झाला."

"कुणी रद्द केला रे?" मामींनी विचारलं.

"काय माहीत. वरून हुकूम आला म्हणे. फार वरून."

मामींनी मांडीवर पाहिलं. मी पडलो होतो तिथं, फाटका, फुलाफुलांचा, पाठीत सुई खुपसलेली. मामींनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि हसल्याही.

"असेल असेल," त्या म्हणाल्या. "तू जेवलास का?"